आईच्या डोळ्यातलं भिंग

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि आजारी मी पडलो.

आजारी म्हणजे ताप-खोकला नाही. अन्न गोड लागेना, मोटरसायकल चालवताना पाय सतत ब्रेकवर, आणि दर अर्ध्या तासाने एक डोळा झाकून दुसऱ्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघायचो. डोळा आईचा उघडायचा होता, तपासत मात्र मी स्वतःचा होतो. माझी बायको रंजना शाळेत गणित शिकवते. तिच्या मते कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते काढलं की वही मिटायची असते. माझ्या मते कुठल्याही प्रश्नाला कमीत कमी चार उत्तरं असतात आणि त्यातली तीन आपल्याला खड्ड्यात घालणारी असतात. या दोन मतांवर आमचा वीस वर्षांचा संसार उभा आहे.

आम्ही पोंभुर्ण्याचे ढिवर. आजोबा, वडील, चुलते, सगळ्यांचा जन्म तलावात जाळं टाकण्यात गेला. मी एकटा शिकलो आणि बल्लारपूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो. शिकलेला म्हणून घरातला प्रत्येक निर्णय माझ्याकडे येतो. मला निर्णय घेता येत नाही, ही गोष्ट फक्त रंजनाला ठाऊक आहे आणि ती घराण्याची अब्रू म्हणून कोणाला सांगत नाही.

आईचं नाव गिरजाबाई, वय सत्तरीच्या आसपास. (जन्मतारीख तिलाही माहीत नाही. ज्या वर्षी तलाव फुटला त्याच्या आदल्या वर्षीची, एवढंच ती सांगते.) वडील गेल्यापासून ती रोज दुपारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चिंचेखाली बसते, मांडीवर जाळं घेऊन त्याची भोकं सांधते आणि तलावावर लक्ष ठेवते. हे लक्ष ठेवायचं काम तिला कोणी दिलेलं नाही. पण नेमलेल्या राखणदारापेक्षा लोक तिलाच जास्त भितात.

मागच्या उन्हाळ्यात तिने पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या एका माणसाला हाक मारली. तिला तो तिचा धाकटा भाऊ वाटला, जो सहा महिने फिरकला नव्हता. मग तिने त्याला अख्ख्या तलावावरून ऐकू जाईल अशा आवाजात सुनावायला सुरुवात केली. बहीण मेली का जिती आहे हे पाहायला सवड नाही का, बायकोच्या पदराखालून कधी बाहेर निघशील, लहानपणी तुला कडेवर कोणी वागवलं, असं सगळं. तो माणूस तलावाची पाहणी करायला आलेला मत्स्यखात्याचा सरकारी साहेब होता. बिचारा अर्ध्या तलावाला वळसा घालून आला, आईसमोर उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "चुकलंच बाई."

त्याला चहा पाजला. जाताना त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की आईचे डोळे दाखवून घ्या. मी घाबरून विचारलं, काही गंभीर वाटतं का? तो म्हणाला, मी मासे बघतो.

म्हणून मी आईला मोटरसायकलवर बसवून चंद्रपूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एका लांब बाकावर दहा-बारा म्हातारी माणसं मान मागे टाकून, डोळे मिटून बसली होती. नर्सबाईंनी सांगितलं की बाहुली मोठी करायचे थेंब दर दहा मिनिटांनी टाकतील, सगळ्यांनी तसंच बसायचं. आई काही तशी बसेना. तिला मानेला रग लागत होती आणि एवढ्या अनोळखी माणसांत डोळे मिटणं तिला सुरक्षित वाटत नव्हतं. मी तिला समजावलं. ती ऐकेना, तेव्हा करून दाखवलं. अशी मान टेकव, असे डोळे मिट, असा श्वास घे.

मी श्वास घेत असतानाच कपाळावर एक गार हात आला, माझी पापणी वर उचलली गेली आणि डोळ्यात थेंब पडला. मग दुसऱ्या डोळ्यात.

कुठलाही शहाणा माणूस या ठिकाणी बोलला असता. मी बोललो नाही. मला वाटलं, सोबत आलेल्यांनाही टाकत असतील, नियम असेल. शिवाय नर्सबाई इतक्या सफाईने पुढच्या माणसाकडे गेल्या होत्या की त्यांना परत बोलावणं बरं दिसलं नसतं. दहा मिनिटांनी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या वेळी तर मी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकून स्वतःच मान मागे केली. या सगळ्या वेळात आई माझ्या शेजारी ताठ बसून, डोळे उघडे ठेवून चौफेर बघत होती. पेशंटच्या सोबत आलेलं माणूस अगदी असंच बसतं.

मग आत बोलावणं आलं. तिथल्या माणसाने आईच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि नर्सबाईंना विचारलं की या आजींच्या बाहुल्या मोठ्या कशा झाल्या नाहीत. आई शांतपणे म्हणाली, "माह्या डोळ्यात कोनी काई टाकलंच नाई. ह्या बाई तं वसंताच्याच टाकून राह्यल्या होत्या."

नर्सबाई माझ्याकडे वळल्या. मला त्या पांढऱ्या ढगासारख्या दिसत होत्या.

"भाऊ, तुमी बोलले काऊन नाई?"

"तुम्ही कामात होता," मी म्हणालो.

मी आईला विचारलं की तू तरी का नाही बोललीस. तिला वाटलं होतं, शिकलेल्यांचे डोळे आधी तपासत असतील.

आईच्या डोळ्यात नव्याने थेंब पडायला लागले. तेवढ्या वेळात डॉक्टर म्हणाल्या की तुमच्या बाहुल्या झाल्याच आहेत मोठ्या, तर बघून घेऊ. डॉक्टर शांत स्वभावाच्या, पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी यंत्रावर माझी हनुवटी टेकवली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, वाचताना पुस्तक किती लांब धरता? मी म्हणालो, हात पुरेल तितकं. त्या म्हणाल्या, आता हात पुरत नसेल.

पुरत नव्हताच. खरं सांगायचं तर गेली तीन-चार वर्षं मी ग्रंथालयातली पुस्तकं नावावरून नाही, पाठीच्या रंगावरून काढून देत होतो. भौतिकशास्त्र निळं, इतिहास तपकिरी, अर्थशास्त्र हिरवं. मध्ये एकदा नवीन आवृत्त्या आल्या आणि सगळे रंग बदलले. त्या महिन्यात बऱ्याच मुलांनी भलताच अभ्यास केला. पण चष्मा लागला हे कबूल करायची माझी हिंमत झाली नव्हती. एकदा चष्मा लागला की पुढे काय काय लागेल याची मी मनात यादी केली होती आणि ती तिरडीपर्यंत गेली होती.

डॉक्टरांनी सांगितलं की हे वयाचं आहे, सगळ्यांना होतं. नुसता वाचायचा चष्मा घेता येईल, किंवा वर दूरचं आणि खाली जवळचं असा दोन भागांचा, किंवा ज्यात रेघ दिसत नाही आणि नंबर हळूहळू बदलत जातो तो. मी विचारलं, पायऱ्या उतरताना कुठल्या भागातून बघायचं? मान वर करायची का खाली? एखाद्याला चुकून मधलाच भाग लागला तर? डॉक्टरांनी दोन प्रश्नांची उत्तरं दिली, तिसऱ्याला माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं घाईचं नाही. आधी आजींचं ठरवू."

आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डावा डोळा लहानपणीच चुलीच्या ठिणगीने अधू झालेला, त्यामुळे सगळी भिस्त उजव्यावर. ऑपरेशन करून आत भिंग बसवायचं होतं. हे ऐकून मी धीर धरला, तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या की भिंग कोणतं ते तुम्हाला निवडावं लागेल. दूरचं बसवलं तर दूरचं स्पष्ट दिसेल, जवळच्या कामाला चष्मा. जवळचं बसवलं तर उलट. आणि एक दोन्हींचं येतं, पण त्यात काही लोकांना रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. काहींना सवय होते, काहींना होत नाही. घरी जाऊन विचार करा, पुढच्या आठवड्यात सांगा.

एकच कामाचा डोळा, त्यात एकच भिंग, आणि ते निवडणार मी! डॉक्टरांनी माहितीचा छापील कागद दिला. मी तो जवळ धरला, लांब धरला, खिडकीपाशी नेला. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. मी मान डोलावून घडी घातली.

नर्सबाईंनी संध्याकाळपर्यंत गाडी चालवायला मनाई केली, म्हणून मोटरसायकल दवाखान्याच्या आवारात ठेवून आम्ही बसस्टँडवर आलो. म्हणजे आईने मला हाताला धरून आणलं. उन्हात माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि रस्त्यातली माणसं, एवढा मोठा मुलगा आईच्या हाताला धरून रडत चालला आहे, असं बघत होती. आईने एकीला सांगितलंही, "काई नाई वं, दवाखान्यात भेलं थोडं."

स्टँडवर आई म्हणाली की कोणाला तरी विचारू. मला ते मानवेना. मी पदवीधर माणूस, ग्रंथालयात काम करणारा, आणि बसची पाटी दुसऱ्याकडून वाचून घेऊ? मी डोळे बारीक करून एका पाटीकडे पाहिलं. लांब शब्द होता, वर एक टिंब होतं, शेवटच्या अंगाला र होता. पोंभुर्णाच. आम्ही चढलो. आईला जागाही मिळाली.

गाव सोडून बरंच अंतर कापल्यावर कंडक्टर आला. मी पोंभुर्ण्याची दोन तिकिटं मागितली. तो म्हणाला, ही गोंडपिपरीची गाडी आहे.

(गोंडपिपरीवरही टिंब आहे आणि शेवटी र आहे. मी नंतर कागदावर लिहून पाहिलं. चूक अगदी होण्यासारखी होती.)

कंडक्टर भला माणूस. त्याने पुढच्या एका फाट्यावर गाडी थांबवली आणि सांगितलं की इथून पोंभुर्ण्याकडे काही ना काही जातं, थांबा. बस निघून गेली. दोन्ही बाजूला सागाचं जंगल, एक बंद पानटपरी आणि आम्ही दोघं. चार वाजून गेले असावेत. आमच्या भागात या वेळेला, अशा रस्त्यावर, काय मनात येतं ते कोणालाही सांगावं लागत नाही. दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गावची बातमी असतेच. मी आईला टपरीच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि स्वतः चारी दिशांना बघू लागलो. चारी दिशांना सारखंच धुकं होतं.

अर्धा तास गेला असेल. मग पलीकडच्या झुडपांमागे मला ते दिसलं. काळं आणि पिवळं. मोठं. हलत नव्हतं.

मी आईचा दंड घट्ट धरला आणि बोट दाखवलं. आईने तिच्या परीने पाहिलं.

"काय हाय?" ती म्हणाली.

"हळू बोल. वाघ हाय."

आईने मान तिरकी केली. ती बघत नव्हती, ऐकत होती. मग म्हणाली, "वान्नेरं ओरडून नाई राह्यले. वाघ असता तं झाडावर कल्ला झाला असता. आन् वाघ येवढा मोठा नसते रे."

मी तिला म्हणालो की तुला मोतीबिंदू आहे. ती म्हणाली, तुला तर आज माझ्यापेक्षा कमी दिसतं. दोन आंधळी माणसं भर जंगलात वाघ आहे की नाही यावर वाद घालत होती, आणि ज्याच्याबद्दल वाद होता तो जागेवरून हलत नव्हता. तेवढ्यात त्याने गुरगुर केली. आधी बारीक, मग जोरात. झुडपं हलली आणि तो पुढे निघाला.

मी काय केलं ते मी रंजनाला सांगितलेलं नाही, पण आईने सगळ्या गावाला सांगितलं आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. मी आईला टपरीच्या मागे ढकललं, तिच्यापुढे उभा राहिलो, इथवर सगळं एखाद्या मुलाला शोभेल असंच होतं. त्यानंतर मी डोळे मिटले, हात जोडले आणि वाघोबाला म्हणालो की आम्ही पुन्हा या वाटेने येणार नाही, आमची बस चुकली.

वाघ माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबला आणि म्हणाला, "पोंभुर्णा हाय का, पोंभुर्णा?"

काळी-पिवळी होती. आमच्याकडच्या गावांना माणसं कोंबून नेणारी जीप. चालक झुडपात गाडी लावून झोपला होता. म्हणजे ज्या गाडीची आम्ही अर्धा तास वाट बघत होतो, तिलाच भीत बसलो होतो. चालकाने मला, भाऊ, हात काऊन जोडून राह्यले, असं विचारलं. आई टपरीमागून आली, माझ्या आधी गाडीत चढली आणि म्हणाली, "नमस्कार करून राह्यला बापा तुले. गंज वेळ वाट पाह्यली न तुही."

एवढं झाल्यावर तरी मी भिंगाचा प्रश्न दुसऱ्या कोणाकडे सोपवायला हवा होता. पण मी शिकलेला. मी ठरवलं की अंदाजाने काही करायचं नाही, नीट अभ्यास करायचा. आई दिवसभरात दूरचं किती बघते आणि जवळचं किती, याची नोंद ठेवायची. ज्याची संख्या जास्त ते भिंग. रंजनालाही ही पद्धत बरी वाटली, त्यात बेरीज होती म्हणून.

रविवारी सकाळपासून मी वही घेऊन आईच्या मागे फिरू लागलो. चुलीतला विस्तव पाहिला: जवळ. आभाळ पाहिलं: दूर. लसूण सोलला: जवळ. शेजारणीच्या अंगणात कोण आलं ते पाहिलं: दूर. कोंबडीला पाहिलं. कोंबडी आधी जवळ होती, मग पळाली. ती कुठे लिहायची? कुंपणापलीकडच्या शेजारणीशी बोलताना तिचा चेहरा पाहिला. हे जवळ म्हणावं तर हात पोचत नाही, दूर म्हणावं तर वास येतो. दुपारपर्यंत माझ्या वहीत दोनाऐवजी तीन रकाने झाले आणि तिसरा, मधला, सगळ्यांत लांब झाला. डॉक्टरांनी मधल्याचं काहीच सांगितलं नव्हतं! किंवा सांगितलं असेल, कागदावर असेल. कागद वाचून दाखव म्हणून मी रंजनाला सांगितलं, तेव्हा कळलं की तो कागद माझ्या खिशातच राहून पँटबरोबर धुतला गेला.

आईने तिसऱ्या प्रहरी माझ्या वहीकडे पाहिलं आणि रंजनाला विचारलं, याची नोकरी गेली का?

त्यात माझी मोठी बहीण. तिला आम्ही बाई म्हणतो. ती एटापल्लीकडे एका गावात अंगणवाडीत आहे आणि तिथे मोबाइलला रेंज फक्त शाळेच्या टाकीवर चढलं की मिळते, तीही वाऱ्यावर असल्यासारखी. मी तिचं मत विचारलं होतं, त्यामुळे ती रोज संध्याकाळी टाकीवर चढून मत द्यायची. पण नेमका महत्त्वाचा शब्द तुटायचा. "हे पाय वसंता, मायले तू... चंच बसव. अजिबात दुसरं... नको." मी विचारायचो, कोणतं बसव? ती म्हणायची, "अरे तेच तं सांगून राह्यली, ...चं!" चौथ्या दिवशी ती म्हणाली की जर का तू आईला अमुक बसवलंस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. अमुक काय, ते टाकीलाच माहीत.

आता माझी झोप पूर्ण गेली. जवळचं बसवलं आणि आईला समोरून येणारी गाडी दिसली नाही तर? दूरचं बसवलं आणि माशाचा काटा दिसला नाही तर? दोन्हींचं बसवलं आणि कडी दिसत राहिली तर, आणि ती कोणाला सांगणारच नाही, कारण आई असलं काही सांगत नाही? हे शेवटचं मनात आलं की मी उठून आई नीट झोपली आहे ना ते बघून यायचो. वडिलांच्या छातीत दुखत होतं तेव्हाही त्यांनी सांगितलं नव्हतं. आमच्या घरातली माणसं सांगत नाहीत, आणि मी ओळखू शकत नाही. माझा सगळा गोंधळ मुळात या भीतीचा होता. वही वगैरे नंतरचं.

ऑपरेशनच्या दिवशी रंजना सोबत आली, आई पुरेशी शांत होती म्हणून माझ्यासाठी. काउंटरवर फॉर्म दिला. मी माझ्या समजुतीने तो भरला आणि सही केली. थोड्या वेळाने त्याच नर्सबाई हिरवा झगा घेऊन आल्या, फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'रुग्णाचे नाव' या ओळीवर मी स्वतःचं नाव लिहिलं होतं. बारीक अक्षर होतं, मला ते 'मुलाचे नाव' वाटलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमाले आमच्याकडून काही करूनच घ्याचं आहे का?"

रंजनाने माझ्या हातातला पेन काढून घेतला आणि नवीन फॉर्म भरला.

मग डॉक्टर आल्या. कोणतं भिंग ठरलं, त्यांनी विचारलं. मी वही काढली. सुरुवात कोंबडीपासून करावी की शेजारणीपासून, हे ठरवत होतो, तेवढ्यात डॉक्टर मला ओलांडून पुढे गेल्या आणि आईसमोर स्टुलावर बसल्या.

"आजी, तुम्हाला काय दिसायला हवं आहे?"

हे आपल्याला कोणी विचारेल असं आईला वाटलं नसावं. तिने पदर सारखा केला.

"जाळ्याची गाठ माह्या हाताले दिसते," ती म्हणाली. "तिले डोळा नाई लागत. तांदूळ सूनबाई निवडते. मले तलावाचा तिकडचा काठ दिसत नाई बाई, दोन वर्षं झाले. याचा बाप तिकडून जाळं टाकाचा, टाकून झालं का हात वर कराचा, मंग मी घरी जाऊन चूल पेटवाची. आता तो नाई. पन तिथी पोरं असतात, लेकरं पोहतात. पान्यात कोन गेलं आन् कोन बाहेर आलं, तेवढं दिसलं पाह्यजे. दूरचं द्या."

डॉक्टरांनी कागदावर तसं लिहून घेतलं. मग डॉक्टरांनी मला विचारलं, आठवडाभरात तुम्ही आजींनाच विचारलं नव्हतं का?

माझ्या हातात तीन रकान्यांची, दोन्ही बाजूंनी भरलेली अकरा पानं होती. मी वही पिशवीत ठेवली आणि म्हणालो की ते राहूनच गेलं.

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत झालं. त्या वेळात मी दाराबाहेर किती फेऱ्या मारल्या ते रंजनाने मोजलं आहे, पण ती आकडा सांगत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी समोरच्या भिंतीवरचा तक्ता दाखवला. आई म्हणाली, अक्षरं मला येत नाहीत, पण त्याच्या वरच्या खिळ्याला गंज चढला आहे. मला रडू आलं. नर्सबाईंनी लगेच विचारलं की भाऊ, आज तर आम्ही काही टाकलं नाही ना.

त्या संध्याकाळी बाईचा फोन आला आणि नेमका स्वच्छ लागला. दूरचं बसवलं, असं मी दबकत सांगितलं. ती म्हणाली, मी आठ दिवस टाकीवर चढून दुसरं काय सांगत होते?

डॉक्टरांनी जपायला सांगितले तेवढे दिवस आई घरात बसली. नंतर काळा चष्मा लावून पाळीवर गेली. मी सोबत होतो. तिने पलीकडच्या काठाकडे पाहिलं, बराच वेळ. मग एकेकाची नावं घ्यायला लागली. तो सुकरूचा मोठा, ती त्याची सून, तो लाल बनियनवाला बसून बिडी ओढतो, जाळं ओढत नाही. तिने त्याला तिथूनच झापलं. तो दचकून उठला. दोन वर्षांत त्या काठाला सवय राहिली नव्हती. मग तिने जाळं मांडीवर घेतलं. बोटं गाठी मारत होती आणि नजर पाण्यापलीकडे होती. मीही तिकडे बघत बसलो. मला त्या दिवशी काही विचारावंसं वाटलं नाही. माझ्या बाबतीत हे फार कमी वेळा होतं.

महिन्याभराने आईला जवळच्या कामासाठी चष्मा करायला रंजना आणि मी चंद्रपूरला घेऊन गेलो. दुकानदाराने तिचा नंबर घेतला, तिने पाच मिनिटांत फ्रेम निवडली, तपकिरी, काडी मजबूत असलेली. मग तिने मला पुढे ढकललं आणि आता याचं काढा म्हणाली.

मी दुकानदाराला सगळं समजावून सांगायला लागलो. नुसता वाचायचा घेतला तर ग्रंथालयात समोर आलेल्या मुलाचा चेहरा दिसणार नाही. दोन भागांचा घेतला तर जिना. बिनरेघेचा घेतला तर म्हणे कडेने सगळं वाकडं दिसतं, आणि मी मोटरसायकलवाला. दुकानदार ऐकत होता. त्याने शेवटी, दूरचा, जवळचा की मधला, नेमकं कुठे अडतं, असं मला विचारलं. मी विचार करत होतो, तेव्हा आईने उत्तर दिलं.

"याले दूरचं दिसते, जवळचंबी दिसन. पन याच्या काळजीचा नंबर वाढला हाय बापा. त्याची काच असन तं लावा."

दुकानदार हसला, काउंटरवरची मुलगी हसली, रंजना तर भिंतीकडे तोंड करून हसली. मीही हसलो. पण दुकानदाराला एवढं विचारून घेतलं, की हा नंबर दरवर्षी वाढतो का.